तेविसावा

बुकोममध्ये संध्याकाळी वारा समुद्राकडून सुटतो
आणि मासळी तळणाऱ्या बायांचा धूर
थेट आमच्या डोळ्यांत येतो.
आम्ही तरी जागा बदलत नाही.
तेलाच्या पिंपावर पट, सोंगट्या म्हणजे बाटल्यांची झाकणं,
आणि विषय ठरलेला:
ओकायजा खरंच किती मोठा होता?

एक्केचाळीस लढती. एक्केचाळीस विजय.
आता बोला.

लार्टे मास्तर वही उघडतात.
तिच्यात आम्हा सगळ्यांची नावं आहेत, वजनासकट.
सातवा दिवसा टॅक्सी चालवायचा.
बाराव्याचं वय कागदावर चौतीस, गुडघ्यांत पन्नास.
एकोणिसावा विमानातून उतरला तोच तापाने फणफणत.
"वासरांत लंगडी गाय शहाणी," मास्तर म्हणतात
आणि चष्म्याची काडी तोंडात धरतात.
"आणि तेविसावा?" कोणीतरी नवखा विचारतो.
मग सगळ्यांना आठवतं
की तेविसावा इथंच बसलाय, झाकण हातात घेऊन.
थोडा वेळ नुसतं तेल चरचरतं.

तर, मी वासरू.
माझं नाव आयिक्वे. सहा फेऱ्या टिकलो.
यकृतावर बसलेला तो डावा ठोसा
हरमाटानच्या कोरड्या वाऱ्यात अजून दुखतो,
नाहीतर मी तो विसरलोही असतो.

माझा बाप होडीतून दोर सोडायचा,
टोकाला दगड बांधलेला.
दगड तळाला टेकला की सांगायचा, इतके हात खोल.
एकदा दोर संपला आणि दगड लोंबकळत राहिला.
मी विचारलं, आता किती?
तो म्हणाला, आता फक्त दोर किती ते कळलं.

हे मी मास्तरांना कधी सांगितलं नाही.
त्यांच्या वहीत दोरांची लांबी आहे,
एक्केचाळीस दोर, नीट ओळीने.

पण चौथी फेरी मात्र सगळे सांगतात, माझ्यापेक्षा जास्त रंगवून.
माझा उजवा त्याच्या कानशिलावर बसला
आणि ओकायजा दोन पावलं मागे गेला.
अख्ख्या कारकिर्दीत एवढीच दोन पावलं.
त्याला लहान ठरवणारे म्हणतात, बघा, हलला.
मोठा ठरवणारे म्हणतात, बघा, पडला नाही.
दोन्हीकडून साक्षीदार मीच
आणि दोघंही मला चहा पाजतात.

खरं सांगायचं तर कॅनव्हास ओला होता.
माझा पाय घसरला, तोल सावरताना हात गेला,
गेला तो गेला.
तो मी शिकलो नव्हतो, ठरवला नव्हता.
त्याच्या डोळ्यांत मात्र काहीतरी उजळलं,
दुखण्याचं नव्हे,
दार वाजल्यावर घरातला एकटा माणूस उठतो तसं.

गेल्या साली नी क्वाटेच्या मयताला तो आला होता.
काळं-लाल कापड खांद्यावर, पोट सुटलेलं,
खुर्चीवर बसताना हात टेकून बसला.
मला वाटलं, ओळखणार नाही.
ढोल थांबल्यावर माझ्याकडे वाकून म्हणाला,
"चौथ्या फेरीतला तो उजवा.
परत का नाही मारलास?
मी घंटेपर्यंत वाट बघत होतो."

मी काय सांगणार?
म्हणालो, खांदा धरला होता.
त्याने मान हलवली, हळू,
जसं काही वीस वर्षांचा हिशेब जुळला,
आणि दुसऱ्या कोणाशी तरी बोलायला लागला.

आज पुन्हा धूर आहे.
मास्तरांचं म्हणणं, दोनतीन खरे पहिलवान मिळाले असते तर.
कॉर्कोर कढईतून मासा उलटत ओरडते,
अहो, तुम्हाला न मिळालेले त्याला कुठून मिळणार!
सगळे हसतात. मीही.
कोणीतरी म्हणतं, आयिक्वे, तू सांग, तू आत होतास.

माझी चाल आहे.
मी झाकण उचलतो, मग पुन्हा तिथंच ठेवतो.
मास्तर म्हणतात, हात लावलास, आता खेळलंच पाहिजे.